चिमणी आणि रानचिमणी : वर्धा जिल्ह्यातील दोन आप्त पक्षी

वर्धा जिल्ह्यात चिमणीच्या कुळातील दोन पक्षी राहतात. एक घरचिमणी, जिला सगळे नुसते ‘चिमणी’ म्हणतात. दुसरी रानचिमणी, गळ्यावरच्या पिवळ्या ठिपक्यामुळे तिला पीतकंठी चिमणी असेही नाव आहे. पहिली आढ्यात, कवेलूंखाली, भिंतीच्या भोकात घर करते. दुसरी कडुलिंबाच्या किंवा मोहाच्या ढोलीत. पहिलीची ओळख मुलाला बोलता येण्याआधीच होते. दुसरी समोरच्या फांदीवर बसलेली असली तरी बहुतेकांना ती चिमणीच वाटते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत दोघींच्या नावापुढे एकच शेरा आहे : ‘कमीत कमी चिंता’. शेरा एक असला तरी दोघींच्या जगण्याचे आधार वेगळे आहेत, आणि वर्धेच्या गावशिवारात ते दोन्ही आधार बदलत चालले आहेत. कोणता आधार कोणाचा, हे ओळखल्याशिवाय दोघींपैकी एकीचेही रक्षण नीट होणार नाही.

दोन्ही पक्षी ‘पॅसरिडी’ या चटक-कुळातले. जगभरात या कुळाच्या चाळीसहून थोड्या अधिक जाती आहेत. पूर्वी सुगरण आणि चिमणी यांना एकाच कुळात धरत असत. पुढे दोन्ही कुळे वेगळी मानली गेली. घरचिमणीचे शास्त्रीय नाव पासर डोमेस्टिकस. ते कार्ल लिनियसने १७५८ मध्ये दिले, आणि त्यातला दुसरा शब्द ‘घरची’ याच अर्थाचा आहे. रानचिमणीचे नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ उघड्या नाकपुड्यांची, दुसऱ्याचा पिवळ्या गळ्याची. तिचे शास्त्रीय वर्णन १८३८ मध्ये झाले. म्हणजे दोघी एका कुळातल्या, पण दोन वेगळ्या प्रजातींतल्या. नात्याच्या भाषेत चुलत बहिणी.

चिमणीला गाणारा पक्षी म्हटले की अनेकांना नवल वाटते. पक्षिशास्त्रात मात्र ‘गायक पक्षी’ हा गोडव्यावरून ठरलेला गट नाही. तो स्वरयंत्राच्या रचनेवरून ठरलेला आहे. गायक पक्ष्यांच्या स्वरयंत्राला अनेक बारीक स्नायू असतात आणि त्यांची पिले मोठ्यांचे ऐकून आवाज शिकतात. पावसाळ्यात विदर्भाच्या जंगलात घरटे करणारा नवरंग दुरूनही ऐकू येईल अशी खणखणीत शीळ घालतो, तरी तो या गटात मोडत नाही. चिवचिव करणारी चिमणी मोडते. घरचिमणीच्या नराची चिवचिव एकसुरी आणि ठाम असते. घरट्याच्या तोंडाशी बसून तो ती तासन् तास चालू ठेवतो. रानचिमणीचा नर उंच शेंड्यावर किंवा तारेवर बसून ‘चिलप, चल्प, चिलप’ असे दोन-तीन स्वर फिरवत राहतो. तो आवाज चिमणीचाच वाटतो, पण अधिक मऊ आणि थोडा झुलता. ज्याच्या कानाला हा फरक कळला त्याला रानचिमणी शोधण्यासाठी दुर्बीण लागत नाही.

दिसण्यातला फरकही एकदा ध्यानात आला की विसरत नाही. घरचिमणीचा नर, म्हणजे चिमणा, राखाडी टोपीचा, पांढऱ्या गालांचा आणि गळ्यापासून छातीपर्यंत काळा असतो. पाठ तांबूस, तिच्यावर काळ्या रेघा. मादी मातकट रंगाची, डोळ्यामागे फिकट भुवई असलेली, पण पाठीवर रेघा तिच्याही असतात. रानचिमणीच्या पाठीवर रेघ नसते. ही सर्वांत सोपी खूण. तिचा बांधा सडपातळ, चोच थोडी लांब व टोकदार, पंखावर दोन पांढुरके पट्टे. नराच्या खांद्यावर विटकरी डाग आणि गळ्यावर हळदीचे बोट टेकवावे तसा पिवळा ठिपका असतो. मादीत हे दोन्ही रंग इतके फिके असतात की दुरून ती चिमणीच वाटते. विणीच्या दिवसांत दोन्ही जातींच्या नरांची चोच काळी होते आणि हंगाम सरला की पुन्हा फिकी पडते. कुळाचे साम्य इथे उघड दिसते.

घरट्याच्या बाबतीत दोघींची मूळ गरज एकच आहे : तयार पोकळी. दोघींनाही सुतार पक्ष्यासारखे लाकूड कोरता येत नाही आणि सुगरणीसारखा खोपा विणता येत नाही. कोणीतरी केलेली किंवा काळाने पडलेली पोकळी शोधायची आणि तिच्यात गवत, पिसे, केस, कापसाचे पुंजके भरायचे, ही दोघींची रीत. घरचिमणीने ही पोकळी माणसाच्या घरात शोधली. ती तीन ते पाच अंडी घालते, साधारण बारा दिवस उबवते, आणखी दोन आठवड्यांनी पिले उडतात, आणि वर्षातून अनेकदा हा फेरा होतो. रानचिमणीचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. ती तीन-चार अंडी घालते. भिंतीचे भोक तिला वर्ज्य नाही, पण तिची पहिली पसंती झाडाच्या ढोलीला. मराठा सुतार आणि तांबट यांनी कोरून सोडलेली घरे तिच्या उपयोगी पडतात. मराठा सुताराच्या शास्त्रीय नावात या मुलुखाचेच नाव आहे. त्याने वाळक्या फांदीत पाडलेले भोक पुढच्या हंगामात रानचिमणीचा आसरा ठरते.

आहारातही असेच साम्य आणि असाच फरक आहे. दोघी दाणे खातात, दोघी पिलांना अळ्या व किडे भरवतात. घरचिमणीचा ओढा माणसाच्या धान्याकडे. शेतीला सुरुवात झाली तेव्हापासून, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपासून, ती माणसाच्या मागोमाग आली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिच्या कवटीची घडण आणि पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता यांच्याशी संबंधित बदल आढळले, आणि ते बदल शेतीच्या आरंभाच्या काळाशी जुळतात. खळ्यातली ज्वारी, अंगणात पाखडताना उडालेले तांदळाचे कण, गोठ्यातल्या ढेपेचा चुरा हे सारे तिचे अन्न. रानचिमणीला दाण्यांइतकीच फुलांची ओढ आहे. पळस, पांगारा, मोह फुलले की ती मकरंदासाठी फुलांत चोच घालते आणि बाहेर येते ती कपाळ परागांनी माखून. वर्धेच्या शिवारात फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा त्याच्या फांद्यांवर मैना, कोतवाल आणि शिंजिरांबरोबर ही साध्या रंगाची पाहुणीही असते. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना परागही तिच्याबरोबर जातात. घरचिमणी प्रामुख्याने दाण्यावर जगते. रानचिमणी दाणा आणि फूल या दोहोंवर.

वर्धा जिल्हा या दोघींच्या तुलनेसाठी चांगली भूमी आहे. पश्चिमेला वर्धा नदी, मधून वाहणाऱ्या धाम, बोर, यशोदा आणि वणा, आणि त्यांच्या काठची काळी कापसाची जमीन, असे या सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याचे रूप. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी व कारंजा हे आठ तालुके. उत्तरेकडच्या टेकड्यांत सागाचे जंगल आहे. तिथे १९७० मध्ये बोर अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत तो गणला जातो. नावात ‘रान’ असले तरी रानचिमणी दाट जंगलाची रहिवासी नाही. तिला विरळ झाडी हवी : शेताच्या धुऱ्यावरचे कडुलिंब, पांदणीची बाभूळ, गावाबाहेरची आमराई, पडीक माळावरचे पळस. म्हणजे वाघासाठी राखलेले क्षेत्र तिच्या फारसे कामाचे नाही. तिचे जगणे शेतकऱ्याच्या धुऱ्यावर अवलंबून आहे, जसे घरचिमणीचे त्याच्या घरावर. जिल्ह्यातील या दोन्ही पक्ष्यांचे खरे राखणदार खेड्यातले लोकच आहेत.

भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात या दोन चिमण्या एकाच मुलाच्या हाती आल्या, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम अली लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. घरट्याच्या भोकाजवळ खिळ्यावर बसलेला चिमणा टिपला की मादी दुसरा जोडीदार आणते, ही घरचिमणीविषयीची नोंद त्यांनी त्याच वयात करून ठेवली. पुढे एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली निराळीच चिमणी हाती आली. ती कोणती हे विचारण्यासाठी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या भेटीतून एका आयुष्याची दिशा ठरली. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्या पडलेल्या चिमणीवरून आहे. ओळखीच्या पक्ष्यापेक्षा किंचित वेगळा पक्षी नीट पाहणे, एवढ्या गोष्टीतून देशाच्या पक्षिविज्ञानाला त्याचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला.

आता संवर्धन-स्थितीकडे. लाल यादीतला शेरा म्हणजे संपूर्ण जगातून जात नष्ट होण्याचा धोका किती, याचे मोजमाप. त्याच्या कसोट्या आकड्यांत ठरलेल्या आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ जास्त असेल त्यात, संख्या ३० टक्के किंवा अधिक घटली, किंवा प्रौढ पक्षी १० हजारांहून कमी उरून घट चालूच राहिली, की जात ‘असुरक्षित’ वर्गात जाऊ शकते. आढळक्षेत्र २० हजार चौरस किलोमीटरपेक्षा आक्रसून इतर धोकेही असतील तरी तसेच. या मापाने दोन्ही चिमण्या पुष्कळ दूर आहेत. घरचिमणी अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात आहे, आणि २०२१ मधील एका अंदाजानुसार जगात तिची संख्या सुमारे १६० कोटी, म्हणजे कोणत्याही रानपक्ष्यापेक्षा अधिक आहे. रानचिमणीचा प्रदेश तुर्कस्तान-इराकपासून इराण, पाकिस्तान व भारतापर्यंत पसरलेला आहे. पश्चिमेकडची पाखरे हिवाळ्यात भारतात येतात, इथली बहुतांश इथेच राहतात. तिची संख्या ठळकपणे घटल्याचा पुरावा नाही, म्हणून तिलाही तोच शेरा.

हा शेरा काय सांगत नाही, तेही समजून घेतले पाहिजे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात १९८० पासून तिथल्या घरचिमण्या निम्म्यावर आल्याचे, म्हणजे २४ कोटी ७० लाख पक्षी कमी झाल्याचे दिसले. निम्मी संख्या सुमारे चार दशकांत गेली, म्हणजे दहा वर्षांच्या मापात ही घट पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास बसते. ३० टक्क्यांची कसोटी तिला लागतच नाही. ब्रिटनने मात्र स्वतःच्या देशापुरत्या यादीत घरचिमणीला २००२ पासून लाल वर्गात ठेवले आहे. जगाच्या यादीत निश्चिंत आणि देशाच्या यादीत संकटात, अशा दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. घट संथ असेल, जुनी असेल आणि ठिकठिकाणी विखुरलेली असेल तर जागतिक शेऱ्यात ती उमटत नाही. गावातली चिमणी गेली तरी यादी बदलत नाही.

भारताचे चित्र युरोपपेक्षा आशादायक आहे. २०१२ मध्ये देशभरातील लोकांकडून चिमणीविषयीच्या आठवणी व निरीक्षणे मागवण्यात आली, तेव्हा दहा हजारांहून अधिक नोंदी जमल्या. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२० च्या अहवालाने पंचवीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला की देशपातळीवर घरचिमणी साधारण स्थिर आहे, पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत ती हळूहळू कमी होत आहे. चिमण्या जाण्याचे कारण म्हणून मोबाइल मनोऱ्यांचे नाव नेहमी घेतले जाते. त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. ज्यांचा परिणाम समजण्याजोगा आहे अशी कारणे घरट्याच्या जागा आणि पिलांचे अन्न कमी होणे ही आहेत. चिमणीविषयी लोकांच्या मनात जागृती मात्र मोठी आहे. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्याच वर्षी जुलैत टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. २०१२ मध्ये दिल्लीने तिला राज्यपक्षी केले, पाठोपाठ बिहारने. रानचिमणीसाठी दिवस नाही, तिकीट नाही, आणि तिला चिमणी समजून मोजले गेले तर तिची नोंदही नाही.

वर्धेत बदलाची सुरुवात घरापासून होते. १९३६ मध्ये महात्मा गांधी सेगावला राहायला आले. या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तिथली आदिनिवास आणि बापूकुटी ही माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची घरे आजही उभी आहेत. अशा घरात कवेलू आणि वासे यांच्यामध्ये मूठभर जागा सुटते, आणि चिमणीला तेवढीच पुरे असते. जिल्ह्यातली बहुतेक जुनी घरे याच बांधणीची होती. आता सिमेंटच्या छताची पक्की घरे झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या घरकुल योजनेने त्या बदलाला वेग दिला. पावसात गळणाऱ्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला पक्के घर मिळणे ही न्याय्य आणि आनंदाची गोष्ट आहे. पण सपाट छत आणि गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीत चिमणीला जागा उरत नाही, हेही तितकेच खरे. माणसाचे घर सुधारताना चिमणीचे घर मोडले, आणि ते कोणी ठरवून मोडले नाही.

दुसरा बदल वावरातला. एके काळी विदर्भात ज्वारी मुबलक होती. कणसे भरली की चिमण्यांचे थवे उतरत आणि राखण करावी लागे. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली, पऱ्हाटी आणि तूर होतीच. सोयाबीनचा दाणा चिमणीच्या चोचीला मोठा आणि कठीण. ज्वारी गेली तसा कडबा गेला, खळे गेले आणि हिवाळ्यात दोन्ही चिमण्यांना एकत्र आणणारे अन्न आटले. त्यात कीटकनाशकांची भर. पहिल्या काही दिवसांत पिलाला मऊ अळ्याच लागतात. दाणे त्याला पचत नाहीत. आवारात दाणे टाकले आणि शिवारात अळी उरली नाही, तर मोठी चिमणी जगते आणि पिलू मरते.

तिसरा बदल झाडांचा, आणि रानचिमणीला तो सर्वांत जास्त जाचतो. ढोली कोवळ्या झाडाला पडत नाही. कडुलिंबाला, मोहाला, आंब्याला ती पडायला अनेक दशके लागतात. एखादी फांदी वाळावी, कुजावी, सुतार पक्ष्याने ती कोरावी, तेव्हा घर तयार होते. धुरे अरुंद झाले, पांदण रस्ते रुंद झाले, राज्यमार्गांच्या कडेची जुनी झाडे रुंदीकरणात गेली. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिक विरोधाला उभे राहिले. जुन्या झाडाचे मोल लोकांना कळते, याची ती खूण आहे. एका वृक्षाच्या बदल्यात पाच रोपे लावल्याने सावलीची भरपाई पुढे कधीतरी होईल, पण ढोलीची भरपाई एका पिढीत होत नाही. वाळलेली फांदी निरुपयोगी समजून छाटण्याची सवयही अशीच नकळत नुकसान करते.

म्हणून दोघींसाठी उपाय वेगळे आहेत. घरचिमणीचे रिकामे झालेले घर माणसाला करून देता येते. लाकडी पेटीला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक ठेवावे. एवढ्यातून चिमणी जाते, मैना जात नाही. पेटी मांजराच्या आवाक्याबाहेर, दोन मीटरपेक्षा उंच टांगावी. चिमण्या समूहाने राहतात, तेव्हा जवळजवळ तीन-चार पेट्या असलेल्या बऱ्या. वर्धेच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून पेटीचे तोंड पश्चिमेला नसावे आणि पत्र्याची पेटी तर मुळीच लावू नये; तिच्यात पिले होरपळतात. नवे घर बांधताना भिंतीत छताजवळ विटेएवढे दोन-तीन कोनाडे सोडणे याहून स्वस्त आणि टिकाऊ. सांदवाडीत भाजी, तुळस, मेंदी यांची विनाफवारणी झुडपे राहू दिली तर अळ्याही मिळतात. रानचिमणीच्या बाबतीत मुख्य काम राखण्याचे आहे : धुऱ्यावरचा जुना कडुलिंब, त्याची वाळकी फांदी, पडिकातला पळस, पांदणीचे कुंपण. ज्वारीचे एखादे तास दोघींच्याही कामाचे.

मोजणी हा या कामाचा पाया आहे. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या देशव्यापी अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत ९४२ जातींची स्थिती तपासली गेली आणि १७८ जाती अग्रक्रमाच्या ठरल्या. हा निवाडा हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. जिथून नोंदी येत नाहीत त्या तालुक्याबद्दल असा अहवाल काही सांगू शकत नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. त्या आठवड्यात जिल्ह्यातील शाळांनी आपल्या गावातील घरचिमण्या आणि रानचिमण्या वेगवेगळ्या मोजल्या आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी मोजल्या, तर काही वर्षांत वर्धेची स्वतःची यादी तयार होईल. पाठीवर रेघा आहेत की नाहीत, गळा काळा की पिवळा, घरटे भिंतीत की ढोलीत, एवढे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.